गुण देणारं अॅप आणि आईची जवसाची चटणी: सात महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये बाबांचा बीपी १५०/९५ निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, आणि आईने त्याच दिवशी लोणचं-पापड ताटातून काढले. बाकी मीठ कुठून जातंय ते कळावं म्हणून मी बारकोड स्कॅन केला की पदार्थाला 'ए' (सगळ्यात चांगली) ते 'ई' (सगळ्यात वाईट) श्रेणी देणारं एक अॅप घेतलं. आता ऑक्टोबर आहे.

श्रेणी काढायची रीत फ्रान्समध्ये २०१७ साली आलेल्या न्यूट्री-स्कोअरसारखी आहे. १०० ग्रॅममागे ऊर्जा, साखर, संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी आणि सोडियम यांचे वाईट गुण धरायचे आणि त्यातून तंतू (फायबर), प्रथिनं, फळं-भाज्या-डाळी यांचे चांगले गुण वजा करायचे.

पाकिटांच्या बाबतीत फार उपयोग झाला. बाबा सकाळी चहात चार टोस्ट बुडवून खातात. ते खारट अजिबात लागत नाहीत, पण नागपूरच्या इतवारीतून आणायचो त्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५६० मिलिग्रॅम सोडियम होतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. म्हणजे चार टोस्टमधून, साधारण ४० ग्रॅममधून, अर्ध्या ग्रॅमहून जास्त मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. गोकुळपेठेत शोधून २९० मिलिग्रॅम सोडियमवाला टोस्ट मिळाला. एकाच फळीवरच्या दोन पाकिटांत निवड करायची असेल तर हे अॅप खरंच चांगलं.

घरच्या जेवणाला मात्र ते लावू नका. मेमध्ये मी आईच्या जवसाच्या चटणीचं साहित्य त्यात भरलं. जवस, लसूण, तिखट, मीठ. श्रेणी आली 'डी'. कारण सरळ आहे: १०० ग्रॅम जवसात ४० ग्रॅमच्या वर तेल असतं, त्यामुळे ऊर्जा भरपूर. पण ते तेल बहुतांश असंपृक्त, त्यात ओमेगा-३, आणि सोबत पंचवीसेक ग्रॅम तंतू. शिवाय १०० ग्रॅम चटणी खातं कोण? भाकरीसोबत एक चमचा. त्याच दिवशी कृत्रिम गोडव्याच्या एका पेयाला 'बी' मिळाला होता. माझी मुलगी म्हणाली, "आजी, तुझ्या चटणीपेक्षा हे चांगलं." आई काही बोलली नाही. बाबांनी पंधरा दिवस चटणीला हात लावला नाही, आणि ते माझ्यामुळे झालं याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे मीठ निम्मं करून, लसूण वाढवून चटणी परत ताटात आली.

दुसरी अडचण तंतूंची. अनेक पाकिटांवर तंतूंचा आकडाच नसतो. मग अॅप तो शून्य धरतं आणि ज्वारीचा खाखरा मैद्याच्या खाखऱ्याशेजारी जाऊन बसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. त्यात ज्वारीला १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, मैद्याला तीनच्याही आत. हे तक्ते अॅपमध्ये जोडा, असं मी कंपनीला दोनदा कळवलं, उत्तर नाही.

एफएसएसएआयने, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २०२२ मध्ये पाकिटांवर अर्धा ते पाच तारे द्यायचा मसुदा काढला होता. तोही १०० ग्रॅमच्या हिशोबानेच. तारे आले तर मला हवेच आहेत, पण शेजारी सोडियमचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला पाहिजे. बीपीच्या माणसाला श्रेणीपेक्षा तो आकडा जास्त लागतो. चांगल्या तंतूंमुळे श्रेणी सुधारते आणि मीठ तिच्यामागे झाकून जातं, हे मी मसाला ओट्सच्या पाकिटावर पाहिलं.

डब्यातल्या संत्र्याच्या रसाचंही सांगते. २०० मिलीत २२ ग्रॅम साखर आणि तंतू नावालाच. मृग बहाराची संत्री सुरू असताना नागपुरात तो विकत आणायचं आम्ही बंद केलं. मुलगी आता फोडी खाते, त्यातली साखर तंतूंसकट पोटात जाते.

पाकिटांसाठी पाचपैकी चार, स्वयंपाकघरासाठी एक. सशुल्क भागात फक्त पाककृतींची श्रेणी मिळते, ते पैसे मी पुन्हा भरणार नाही. स्कॅनिंग फुकट आहे, ते ठेवलंय. बाबांचा बीपी गेल्या महिन्यात १३४/८६ होता, गोळी चालूच आहे.