कपड्यांचे तंतू धरणारी जाळीची पिशवी : तीन तारे, तेही कुरकुरत

भाचीने हॅम्बुर्गहून येताना ही पिशवी माझ्यासाठी आणली. तिथे किंमत तीसेक युरो, म्हणजे आपले तीन हजारांच्या आसपास. तेवढ्यात चेन लावलेली एक पांढरी पिशवी मिळते म्हटल्यावर घरात जी टिंगल व्हायची ती झाली.

काम साधं आहे. पॉलिएस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिकचे कपडे हिच्यात भरायचे, चेन लावायची आणि पिशवीच मशीनमध्ये टाकायची. असे कपडे धुताना प्लास्टिकचेच बारीक तंतू सोडतात. प्लिमथ विद्यापीठाने 2016 मध्ये हिशेब मांडला, तर अ‍ॅक्रिलिकच्या 6 किलो कपड्यांतून एका धुण्यात 7 लाखांवर तंतू सुटतात असं निघालं. सांडपाणी शुद्ध करताना त्यातले बरेचसे गाळात अडकतात, उरलेले समुद्राला. आम्ही मुलुंड पूर्वेचे. ठाण्याची खाडी जवळच, तिथले फ्लेमिंगो बघायला लोक लांबून भांडुपच्या पंपिंग स्टेशनला येतात. हा पक्षी मान उलटी करून चिखलातलं पाणी गाळूनच पोट भरतो. त्यामुळे टिंगल ऐकूनही मी पिशवी वापरतेच आहे.

आता कुरकुर. दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही, म्हणजे दोन पंजाबी ड्रेस, एक गाऊन आणि नातवाची फुटबॉलची जर्सी, बस. सिंथेटिक साडी टाकली तर आत तिचं बोचकं होतं आणि मधल्या घड्यांत साबण तसाच राहतो. पावडर चालत नाही, लिक्विडच लागतं. आणि घरात सगळ्यात जास्त लव सोडणारं जे मिंक ब्लँकेट, ते हिच्यात मावतच नाही! जमेची बाजू अशी की कपड्यांवर गोळे कमी येतात. जर्सीवरचा नंबर अजून शाबूत आहे.

धरलेल्या तंतूंचं करायचं काय, हा खरा प्रश्न. राखाडी लव शिवणीच्या कोपऱ्यांत जमते, ती वाळल्यावर बोटांनी काढायची असते. पिशवी नळाखाली धरायची नाही. कामाच्या बाईंना ती कळकट दिसली, त्यांनी मोरीत ब्रशने घासून लख्ख करून दिली. जमलेलं सगळं मोरीतून गेलं! आता मी लव कागदाच्या पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकते. मुंबईचा बहुतेक कचरा जातो कांजूरमार्गला, त्याच खाडीच्या काठावर. हसावं की रडावं?

प्लिमथच्याच लोकांनी 2020 मध्ये अशी सहा साधनं तपासली. तंतू घटले 21 ते 78 टक्के, इतका फरक. 78 चा आकडा पिशवीचा नाही, मशीनच्या बाहेर जोडायच्या फिल्टरचा आहे. मग तो फिल्टर मशीनमध्येच का येऊ नये? फ्रान्सने तसा कायदा 2020 मध्ये केला, नव्या मशीनसाठी मुदत 2025 ची ठेवली. आपल्याकडे दुकानदाराला विचारलं तर तो चिल्लर आणि केस अडकवणारी जाळी काढून दाखवतो.

पिशवी घ्यायची नसेल त्यांच्यासाठी फुकटातलं : नाजूक कपड्यांचं ‘डेलिकेट’ बटण शक्यतो दाबू नका. न्यूकॅसल विद्यापीठाच्या 2019 च्या प्रयोगांत त्यानेच जास्त तंतू सुटले, कारण त्यात पाणी जास्त लागतं. ड्रम भरून, थंड पाण्यात, छोटी सायकल लावा.

घ्यायचीच असेल तर मोठ्यात मोठा आकार घ्या. ज्या घरात जिमचे कपडे, जर्सी, लेगिंग्ज रोज धुवायला पडतात तिथे पैसे वसूल होतील. सुती साड्या नि धोतरांच्या घराला हिची गरज नाही.