चुना, सिमेंट, सीलंट की फोम? बाहेरच्या भिंतीतील फटी बुजवण्यापूर्वी

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार या भागांत अजून उभ्या असलेल्या जुन्या घरांपैकी अनेकांच्या विटा चुन्यात बांधलेल्या आहेत, तर शहराच्या कडेच्या सोसायट्यांतील भिंती सिमेंटच्या आहेत. फटी कशाने बुजवाव्यात हे प्रथम या फरकावर आणि मग त्या फटींतून नेमके कोण ये-जा करते यावर ठरते. दुकानदार सहसा या दोन्हींपैकी काहीच विचारत नाही.

जुन्या भिंतीसाठी खरी निवड चुना आणि सिमेंट यांतच आहे. सिमेंट लवकर घट्ट होते आणि कोणत्याही कडियाचा, म्हणजे गवंड्याचा, हात त्यावर बसलेला असतो. चुन्याचे काम जाणणारा माणूस मात्र शोधावा लागतो. एक भाग चुना व तीन भाग वाळू असा माल भरल्यावर आठवडाभर ओला ठेवावा लागतो आणि पुरता घट्ट होण्यास त्याला कित्येक महिने लागतात. तरीही माझा कौल चुन्यालाच आहे. पावसाळ्यात भिंतीने शोषलेले पाणी चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, सहज बाहेर पडते. त्याच दर्जा सिमेंटने बंद केल्या की पाणी विटेतून वाट काढते, त्याच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी साचतात आणि भिंतीला लोणा लागतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी सिमेंट भरून घेतले होते. तीन पावसाळ्यांनंतर विटांचे पापुद्रे गळून त्या बोटभर आत गेल्या होत्या, सिमेंटच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या बाहेर राहिल्या होत्या आणि त्यांच्या कडेला पडलेल्या नव्या चिरेतून चिचुंद्री पूर्वीसारखीच आत येत होती.

भिंत मुळातच सिमेंटची असेल तर ही अडचण नाही. तेथे एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू असा माल पुरतो. मात्र दोन्ही प्रकारांत जुना, सुटा माल सुमारे 20 मिलिमीटर खोलीपर्यंत खरवडून, फट धुऊन, ओली असतानाच भरावी लागते. वरवर लिंपलेला माल पुढच्या उन्हाळ्यात सुटून येतो.

फुगणारा फोम वापरण्यास सर्वांत सोपा आहे आणि मी तो बाहेरच्या भिंतीसाठी पूर्णपणे बाद करतो. उन्हात तो पिवळा पडून भुसभुशीत होतो आणि उंदीर तो सहज कुरतडतात. सीलंटची जागा वेगळी आहे: खिडकीची चौकट व वीट किंवा पाइप व भिंत यांमधील सांधा उन्हातान्हात थोडा हलत राहतो, तेथे कडक माल तडकतो आणि लवचीक सीलंट टिकते. धूळ सुटणाऱ्या जुन्या विटेवर मात्र ते नीट चिकटत नाही.

दातांपुढे यांतील एकट्या सीलंटचा किंवा फोमचा निभाव लागत नाही, आणि ताज्या चुन्याचाही नाही. ज्या फटीत पेन्सिल शिरते, तेथून लहान उंदीर आत येऊ शकतो. मोठ्या उंदरालाही सुमारे 12 मिलिमीटरची जागा पुरते. म्हणून अशा फटीत आधी तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी दाबून बसवावी आणि तिच्यावर माल किंवा सीलंट भरावे. भांडी घासण्याची साधी तारेची घासणी स्वस्त पडते, पण ती गंजून जाते आणि विटेवर तांबडे ओघळ उतरतात. पायाजवळ घुशीचे बीळ असेल तर काँक्रीटमध्ये काचेचे तुकडे घालण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. वाळवीचा प्रश्न मात्र फटी बुजवून सुटत नाही, कारण ती जमिनीतून येते. उभ्या इमारतीसाठी मातीतील औषधोपचाराची पद्धत भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात दिली आहे.

हवा खेळण्यासाठी किंवा पाणी निघून जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोके बुजवू नयेत; त्यांना 6 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी लावावी.

फट बंद करण्याआधी तिच्यात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर ठेवून तीन-चार दिवस पाहावे. बोळा बाहेर ढकलला गेला किंवा कुरतडला गेला, तर आत कोणीतरी आहे, आणि ते बाहेर पडेपर्यंत कडियाला बोलावू नये. चुन्याचे काम दिवाळीनंतर काढलेले बरे, म्हणजे पुढच्या पावसापूर्वी त्याला पुरेसे महिने मिळतात.