थ्री टन म्हणून विकलेला कूलर : मशरूमच्या खोलीत झालेली फसवणूक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी बटण मशरूमसाठी थंड खोली उभारून देतो, असे सांगून एका विक्रेत्याने आमच्या कुटुंबाकडून दोन लाखांहून अधिक रक्कम घेतली. ज्या यंत्राला तो ‘थ्री टन क्लायमेट युनिट’ म्हणत होता, ते प्रत्यक्षात ओल्या पॅडमधून हवा ओढणारे मोठे कूलर निघाले. अशा योजना घेऊन निपाणी, हुक्केरी, चंदगडकडेही लोक फिरत असतात, म्हणून ही फसवणूक नेमकी कुठे होती ते तपशिलाने लिहीत आहे.

बटण मशरूमची बुरशी कंपोस्टमध्ये पसरत असताना 22 ते 25 अंश सेल्सिअस तापमान चालते. परंतु प्रत्यक्ष मशरूम फुटण्याच्या वेळी खोली 14 ते 18 अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता 80 ते 90 टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी लागते, शिवाय कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून ताजी हवाही आत घ्यावी लागते. बेळगावचा भाग सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे गार मानला जातो, तरीही बाहेरची हवा स्वतःहून इतकी उतरते ती थंडीतल्या रात्रीच. म्हणजे कॉम्प्रेसर असलेली खरी शीतयंत्रणा आणि पफ पॅनेलसारखे उष्णतारोधक आवरण यांना पर्याय नाही. विक्रेत्याचा सारा भर मात्र ‘कॉम्प्रेसरशिवाय, चौथाई विजेत’ या एकाच वाक्यावर होता.

प्रात्यक्षिक त्याने उन्हाळ्यात, भर दुपारी ठेवले, आणि ही वेळ त्याने विचारपूर्वक निवडली होती असे माझे मत आहे. ओल्या पॅडमधून गेलेली हवा थंड होते ती पाण्याचे बाष्पीभवन झाल्यामुळे, आणि ते किती होईल हे बाहेरची हवा किती कोरडी आहे यावर ठरते. बाहेर 35 अंश आणि आर्द्रता 25 टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे 21 अंश दाखवतो. कितीही चांगले कूलर असले तरी त्याखाली हवा नेऊ शकत नाही, व्यवहारात ती 23-24 अंशांवरच थांबते. यंत्राच्या पडद्यावर मात्र 17 हा आकडा झळकत होता. कडक उन्हातून आत आलेल्या माणसाच्या अंगाला 24 अंशांची ओली हवा आणि 17 अंशांची हवा यांतला फरक कळत नाही, आणि त्या दिवशी आलेल्या पाचपंचवीस गावकऱ्यांपैकी एकालाही तो कळला नाही.

आकडा खोटा कसा होता, हे नंतर बेळगावच्या एका फ्रिज दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने दाखवले. स्वस्त डिजिटल नियंत्रकांत सेन्सरची लहानसहान चूक सुधारण्यासाठी ‘करेक्शन’ची सोय असते, आमच्या यंत्रात तिथे उणे सात भरलेले होते. सोय मुळात प्रामाणिक कामासाठी असते, म्हणूनच नियंत्रक उघडून पाहिल्यावरही त्यात काही छेडछाड केलेली दिसत नाही. त्याच कारागिराने यंत्राच्या पाठीमागची पट्टी वाचायला लावली. एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. तीन टनांच्या खऱ्या यंत्राला तीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते. आमच्या यंत्राचा पंखा आणि पंप मिळून साडेतीनशे वॅटही भरत नव्हते. तांब्याची नळी नाही, बाहेरचे युनिट नाही, गॅस नाही. हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल कमी आले म्हणून घरात आनंद झाला होता, तोच खरा पुरावा होता.

पावसाळ्यात सगळे उघडे पडले. खानापूरच्या पावसाळी हवेत आर्द्रता नव्वदीच्या पुढे असते, त्यामुळे पॅडवरचे पाणी उडतच नाही. जुलैत माठातले पाणी गार होत नाही, त्याचे कारणही हेच. बाहेर 24 तर आत 24, वर बुरशी वाढताना कंपोस्ट स्वतः सोडते ती उष्णता निराळी. त्यातच त्याने दिलेले ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारे यंत्र) दिवसभर धुके ओकत राहिले. कंपोस्टच्या पिशव्या बुरशीने पांढऱ्याशुभ्र झाल्या, वर केसिंगची, म्हणजे झाकण्याच्या थराची, माती घातली, पण मशरूम फुटलेच नाहीत. जे तुरळक आले त्यांच्या टोप्यांवर पाणी साचून तपकिरी डाग पडले आणि काही पिशव्या हिरव्या बुरशीने गेल्या. फोन केला की ‘स्पॉन (मशरूमचे बियाणे) खराब असेल’ हे एकच उत्तर मिळे, आणि थोड्याच दिवसांत फोन लागणेही बंद झाले.

ज्यांच्याकडे असे यंत्र दाखवायला कोणी येईल, त्यांनी पडद्याकडे न पाहता स्वतःचा पाऱ्याचा किंवा अल्कोहोलचा साधा तापमापक खोलीच्या मध्यावर टांगावा. तो आधी बर्फ विरघळत असलेल्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहावे. आर्द्रतामापक तपासणेही घरी जमते. मीठ थोडे पाणी घालून चिखलासारखे ओले करावे, ते मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी 75 टक्क्यांच्या आसपास आकडा यायला हवा. विक्रेता या तपासणीला नकार देत असेल, तर पुढे बोलण्याचे कारण नाही. मागायचेच असेल तर प्रात्यक्षिक जुलैत मागावे.

कागदांचा भाग सीमाभागातल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावा. विक्रेता घरच्यासारखा मराठी बोलत होता आणि अनुदानाचे कन्नड अर्ज आपण भरून देतो म्हणाला. त्या कागदांतच ‘यंत्र समाधानकारक चालू स्थितीत मिळाले, तक्रार नाही’ असा कन्नड मजकूर सहीसाठी ठेवलेला होता. आमच्याकडे कन्नड बोलणारे सगळेच आहेत, सराईतपणे वाचणारे थोडे, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते. मशरूम घटकाचे फलोत्पादन अनुदान बँक कर्जाशी जोडलेले असते आणि काम झाल्यावर कर्जखात्यात जमा होते; कोणी ते आगाऊ रोख देतो म्हणाला तर ते खोटे आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्रातला. माल कर्नाटकात येणार असताना आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर, लागायला हवा होता, बिलावर मात्र एकाच राज्यातल्या व्यवहाराचे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यावर तो रद्द झालेला दिसला.

विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला, तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे बेळगावात, तक्रार करता येते. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी खरेदी ठरत नाही, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा क्रमांक 1915. आम्ही पाठवलेली नोटीस पत्त्यावर कोणी नाही या शेऱ्यासह परत आली. ते पाकीट न फोडता तक्रारीला जोडले आहे. यंत्र खोलीबाहेर काढले, पण भंगारात दिलेले नाही. करेक्शनचा उणे सात हा आकडा दिसेल असे चित्रीकरण करून ठेवले आहे आणि नियंत्रकाला आता कोणी हात लावत नाही. खोलीत सध्या भाताच्या पेंढ्यावर धिंगरी (ऑयस्टर) मशरूम लावली आहे. तिला 20 ते 30 अंश चालतात, त्यामुळे पावसाळ्यात एक्झॉस्ट पंखा आणि ओली गोणपाटे एवढ्यावर काम भागते.