लाटांचा अंदाज सांगणारं अ‍ॅप: तीन तारे

देवबागला माझी पर्यटकांची होडी आहे. दोन सीझन हे अ‍ॅप वापरतोय, पैसे भरून.

खुल्या समुद्राचा आकडा झकास. मे महिन्यात एकदा वारा नाही, पाणी तेलासारखं, आणि अ‍ॅप म्हणे लाट दीड मीटर, दोन लाटांमध्ये 16 सेकंद. हसलो. दुपारी अशा लांब लाटा आपटायला लागल्या की नांगराची दोरी करकरली. पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळाच्या लाटा त्या. आपल्याला इथून काय दिसणार, उपग्रहाच्या रडारला दिसतं. 2013 साली इस्रोने फ्रान्सबरोबर सोडलेला ‘सरल’ अशाच कामाचा. सुमारे 800 किमीवरून खाली रडारचा स्पंद टाकायचा. सपाट पाण्यावरून तो झटकन परततो. खवळलेल्या पाण्यात आधी लाटांच्या माथ्यांवरून, मग खळग्यांतून, म्हणून पसरट होतो. त्या पसरण्यावरून उंची काढतात.

तारे कापले ते कर्ली नदीच्या मुखासाठी. किनारा जवळ आला की जमिनीमुळे रडारचं माप बिघडतं, आणि आमचा वाळूचा दांडा या अ‍ॅपला कुठून ठाऊक? 0.8 मीटर दाखवत होतं, दांड्यावर डोक्याएवढी फुटत होती.

शिवाय तो आकडा म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, हे कुठेही लिहिलेलं नाही. अधूनमधून दुप्पट उंचीची येतेच! पाहुणे भिजले की शिव्या मला.

हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा, अंदाज फुकट मिळतो, आधी तो बघा. होडी चालवणारा आमचा तांडेल तोही बघतो, मग दहा मिनिटं दांड्याकडे बघत बिडी ओढतो.