माळकऱ्याची वाइन टूर

लेक-जावई ॲडलेडला असतात. मार्चमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो, तर जावयाने न विचारताच जवळच्या फ्ल्युरिओ द्वीपकल्पाची, द्राक्षमळे आणि वायनऱ्यांच्या भागाची, एका दिवसाची बस टूर बुक करून टाकली. मी रावेरकडचा केळीवाला, गळ्यात माळ. मी वाइनच्या गावात जाऊन करू काय?

आधी टूरवाल्यांचं सांगतो. गाडी चांगली, ड्रायव्हर बोलका. पण 'शाकाहारी जेवण' असं लिहून दिलेलं असताना पानात आला हिरवा पाला आणि बटाट्याचे चिप्स. नशीब, हिने लेकीकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. पोर्ट विलुंगाच्या वाळूत बसून खाल्ल्या. समोर जुन्या धक्क्याचे नुसते लाकडी खांब पाण्यात उभे, पाठीमागच्या कड्यात जुन्या कोळ्यांनी कोरलेल्या खोल्या. अशा जागी टूरवाल्यांनी दिली फक्त वीस मिनिटं!

मॅक्लारेन व्हेल ॲडलेडच्या दक्षिणेला, साधारण 40 किलोमीटरवर. तिथे 1912 पासूनची डॅरेनबर्ग वायनरी आहे. तिची 2017 साली उघडलेली पाच मजली 'क्यूब' इमारत द्राक्षमळ्यात उभी आहे, कोणी रुबिक क्यूब अर्धवट फिरवून टाकून दिल्यासारखी. आतली कला माझ्या डोक्यावरून गेली. वासांची खोली मात्र आवडली. सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुगा दाबायचा की कुठे फळाचा, कुठे फुलाचा वास येतो. माळकऱ्यालाही चालेल अशी वाइन!

वर लोक घोटभर वाइन तोंडात खुळखुळवून बादलीत थुंकत होते. ही मला हळूच म्हणाली, "अहो, पैसे देऊन चुळा भरतात?"

माझे पैसे वसूल झाले ते वाटेतल्या एका मळ्याच्या बांधावर. ओळीत पाय टाकू देत नाहीत. फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड बुटाच्या मातीतून येते, आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात ती अजून शिरलेली नाही. म्हणूनच तिकडे शंभर वर्षांच्या वेलीही, दुसऱ्या मुळांवर कलम न करता, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमच्याकडे केळीचं एक कंद बेणं रोगट निघालं तर बाग जाते, त्यामुळे मला राग आला नाही. बांधावरूनच वाकून बघितलं. ठिबक ओळखीचं, पण पाइप जांभळा! ड्रायव्हर म्हणाला, जांभळा म्हणजे वापरलेलं पाणी. ख्रिस्टीज बीचच्या प्रकल्पात शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि या खोऱ्यातल्या मळ्यांना मिळतं. आमच्या यावल-रावेरात बोअर खाली खाली चाललेत, आणि गावाची गटार नाल्यात. मी त्या पाइपाचे सात फोटो काढले. समुद्राचे दोन.

मी पाच पैकी साडेतीन देईन, दीड कापला तो जेवणाचा आणि घाईचा. पुढच्या खेपेला जावयाचीच गाडी काढू. दशम्याही जास्त लागतील, ड्रायव्हरने दोन मागून खाल्ल्या.