पाळीच्या अर्धशिशीसाठी नोंदवही आणि आगाऊ औषध: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दर महिन्याला दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागतात, हे मी कित्येक वर्षे नशिबाचा भाग समजून सोसले. मध्यंतरी चष्म्याचा नंबर बदलून पाहिला, सायनसचे उपचार केले, आणि एका दवाखान्यात तर "पाळीत एवढे दुखायचेच" असे ऐकून परत आले. त्या वाक्याचा राग मला आजही येतो, कारण दुखण्याला नाव मिळायला त्यामुळे आणखी काही वर्षे गेली.

नाव मिळाले ते एका साध्या वहीमुळे. मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले की, ही अर्धशिशी ओळखणारी रक्ततपासणी नाही. तीन पाळ्यांची नोंद हीच तपासणी. रक्तस्राव सुरू होतो तो दिवस पहिला, त्याच्या आदला दिवस उणे एक, त्याआधीचा उणे दोन. या मोजणीत शून्य नसते. उणे दोन ते तिसरा दिवस या पाच दिवसांत, तीनपैकी किमान दोन पाळ्यांत झटका आला, तर त्याचा पाळीशी संबंध धरतात. मी रोज रात्री दिवसाचा आकडा, दुखण्याची तीव्रता, मळमळ, घेतलेली गोळी आणि ती घेतल्याची वेळ लिहीत असे. रक्तस्रावाच्या दिवसांभोवती लाल चौकट. तीन महिन्यांनी पाने शेजारी ठेवली, तेव्हा तिन्ही वेळा सर्वांत मोठे आकडे लाल चौकटीच्या तोंडाशीच होते. दोनदा मात्र पाळी सुटल्यावर पंधरवड्यानेही डोके उठले होते, म्हणून निदान "फक्त पाळीतील" असे न होता "पाळीशी संबंधित" अर्धशिशी असे झाले. हा फरक मला आधी किरकोळ वाटला, पण उपचार ठरवताना तोच महत्त्वाचा ठरला.

कारणही तेव्हाच समजले. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी झपाट्याने उतरते आणि ज्यांच्यात अर्धशिशीची प्रवृत्ती आहे त्यांच्यात हा उतार झटक्याला वाट करून देतो. त्याच सुमारास गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन ही वेदना वाढवणारी रसायने मोठ्या प्रमाणात सुटतात, म्हणून पोटातील कळ आणि डोक्यातील ठणका पुष्कळदा हातात हात घालून येतात. संप्रेरकांची तपासणी केली तरी ती बहुधा सामान्यच येते, कारण दोष पातळीत नसून तिच्या उताराला मिळणाऱ्या प्रतिसादात असतो.

पुढचे दोन महिने सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम हे अर्धशिशीचा झटका थांबवणारे औषध वापरले. कानशिलात पहिला ठोका जाणवताच घेतले, तर दोन तासांत मी दिवा लावून बसू शकत असे. पण "बघू, थांबेल" म्हणून वाट पाहिली, की तीच गोळी निरुपयोगी ठरे. दुसरी अडचण अशी की दुखणे दुसऱ्या दिवशी परत येई. पाळीतील झटके इतर झटक्यांपेक्षा लांबतात आणि उलटतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि वहीतही तेच उतरले. हृदयविकार असलेल्यांना ट्रिप्टान, म्हणजे सुमाट्रिप्टानच्या गटातली औषधे, देत नाहीत, आणि महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस ती सतत काही महिने घेतल्यास औषधामुळेच डोके दुखू लागते. त्यामुळे गोळ्यांचे दिवस मोजणे हेही वहीचेच काम झाले.

सहाव्या महिन्यापासून नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाळीच्या दोन दिवस आधीपासून सहा दिवस, जेवणानंतर, असे सुरू केले. पहिल्याच महिन्यात झटका आला, पण मी स्वयंपाकघरातील उजेडात उभी राहून चहा करू शकले. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. सातव्या महिन्यात पाळी चार दिवस लांबली, शेवटची गोळी संपली त्याच रात्री रक्तस्राव सुरू झाला आणि पहाटेपर्यंत उलट्या झाल्या. या पद्धतीची खरी मर्यादा हीच आहे: पाळी नियमित नसेल, तर आगाऊ औषधाचा नेम चुकतो. पित्तही वाढले, त्यासाठी वेगळी गोळी घ्यावी लागली. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर हे औषध स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. झटक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा दिसत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. मला त्या रेषा दिसत नाहीत, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोनदा खोदून विचारले; त्यांच्याविषयीचा विश्वास तिथेच बसला.

गेल्या दोन पाळ्यांत मिळून एकच दिवस अंथरुणात गेला. पंधरवड्यानंतरचे झटके मात्र तसेच आहेत, कारण आगाऊ गोळ्या त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. रोजचे प्रतिबंधक औषध घ्यावे का, हे पुढच्या भेटीत वही समोर ठेवून ठरणार आहे.