लिंक परत येते तेव्हा: दोन सर्व्हरच्या क्लस्टरला दोन रिंग, केनेट की बाँडिंग?

रात्री पावणेदोनला फोन आला. कुपवाड एमआयडीसीतलं एक कोल्ड स्टोरेज, तिथे दोन सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने काम सांभाळायचं अशी जोडी. पलीकडून सुपरवायझर म्हणाला, "सर, लाइट आली आणि सर्व्हर बंद पडला." लाइट गेली तेव्हा नाही, आली तेव्हा. झोपेत मला वाटलं, त्याची बोलण्यात चूक झाली असेल. चूक माझी होती.

दोन स्विचपैकी एक स्विच जनरेटरच्या लाइनवर नव्हताच. कुणीतरी तो जवळच्या साध्या प्लगमध्ये खुपसून ठेवला होता. लाइट गेली, स्विच विझला, दोन्ही सर्व्हर निमूट दुसऱ्या स्विचवर सरकले आणि तासभर कुणाला काही कळलंसुद्धा नाही. म्हणजे दुहेरी लिंकवर केलेला खर्च वसूल. मग लाइट आली, स्विच उठला, लिंक हिरवी झाली, आणि काही सेकंदांत एका नोडने, म्हणजे जोडीतल्या एका सर्व्हरने, दुसऱ्याला फेन्स केलं, म्हणजे त्याची पॉवर तोडून रिबूट मारला. मी पोहोचलो आणि दोन तास केबल आणि क्रिंपिंग तपासत बसलो. केबल ठणठणीत होत्या.

आपल्याकडे पूर पाहिलेल्यांना याचं फार नवल वाटू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५७ फुटांवर गेलं. पाणी चढताना तग धरलेल्या मातीच्या भिंती नंतर, पाणी ओसरल्यावर बसल्या.

सांगली-मिरजेत पतसंस्था, हॉस्पिटलं, यार्डातल्या पेढ्या अशा ठिकाणी आता दोन-दोन सर्व्हर लागतायत, आणि प्रश्न ठरलेला असतो: मधली लिंक दुहेरी करायची तर कशाने? पर्याय तीन. कोरोसिंक (सर्व्हरना एकमेकांशी बोलतं ठेवणारं सॉफ्टवेअर) २ मधली दोन रिंगची जुनी पद्धत, कोरोसिंक ३ मधला केनेट (त्याचा लिंक सांभाळणारा नवा भाग), आणि क्लस्टरच्या खाली लिनक्सचं बाँडिंग. लिंक जाते तेव्हा तिघंही बऱ्यापैकी वागतात. म्हणून मी त्यांना एकाच कसोटीवर घासतो: गेलेली लिंक परत आली की काय होतं?

दोन रिंग

नवीन काम असेल तर हा भाग वाचला नाही तरी चालेल. पण सेंटओएस ७ (लिनक्सची एक जुनी आवृत्ती) वर उभे केलेले क्लस्टर अजून कितीतरी ठिकाणी तसेच चालू आहेत. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तरी "चाललंय ना, हात लावू नका" म्हणणारे मालक आहेतच. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

इथे कोरोसिंक स्वतः दोन वेगळ्या नेटवर्कवर बोलतो. एक रिंग बिघडली की तो तिला फॉल्टी ठरवतो आणि दुसरीवर काम रेटतो. फार जुन्या आवृत्त्यांत फॉल्टी ठरलेली रिंग आपणहून बरी होत नसे. केबल जोडल्यावर कोरोसिंकच्या सीएफजीटूल या कमांडला "-आर" देऊन तो शिक्का हाताने पुसावा लागायचा. १.४ पासून ते आपोआप होतं, साधारण दर सेकंदाला तो रिंग सुधारली का ते बघतो. लोक इथेच निर्धास्त होतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे. कोरोसिंक २ ला इंटरफेसवरचा (नेटवर्क पोर्टवरचा) आयपी नाहीसा झालेला मुळीच सहन होत नाही. आयपी गेला की तो १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःच्याच पत्त्याला, जाऊन चिकटतो आणि तिथून पुढचं त्याचं बोलणं विश्वास ठेवण्यासारखं नसतं. आयपी परत आला तरी बहुतेक वेळा सेवा रीस्टार्ट करूनच गाडी रुळावर येते. म्हणूनच या आवृत्तीवर इफडाउन (पोर्ट बंद करणारी कमांड) मारून टेस्ट करू नये असं जुनेजाणते सांगतात. ती टेस्ट केबल तुटल्याची नसतेच, आयपी गेल्याची असते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला इफडाउन मारतोय? तुम्ही नाही, नेटवर्कमॅनेजर (लिनक्सचा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) मारतो. केबल निघाली, कॅरियर (समोरच्या टोकाचा सिग्नल) गेला, की तो आयपीही काढून घेऊ शकतो. दोन सर्व्हर थेट एका केबलने जोडले असतील तर आणखी मजा: एक सर्व्हर रिबूट होतोय म्हणून दुसऱ्या, धडधाकट सर्व्हरच्या पोर्टचाही कॅरियर जातो. आजारी एक, अंथरुणावर दोघं. यावर उपाय छोटा आहे. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये इग्नोर-कॅरियर चालू करा. रेड हॅट घराण्यात त्यासाठी "नेटवर्कमॅनेजर-कॉन्फिग-सर्व्हर" नावाचं तयार पॅकेज मिळतं.

दुसरी नेहमीची तक्रार: लॉगमध्ये रिंग फॉल्टी, सेकंदाने रिकव्हर्ड, परत फॉल्टी, अशी रात्रभर माळ. इथे केबल बदलायला धावू नका. आधी फायरवॉलमध्ये दुसऱ्या रिंगचंही पोर्ट उघडलंय का बघा. ते नेहमीचं ५४०५ असतं, मल्टिकास्टवर (एक संदेश एकदम सगळ्यांना पाठवण्याची पद्धत) त्याच्या आधीचं ५४०४ सुद्धा लागतं. मग दोन्ही रिंग चुकून एकाच सबनेटमध्ये तर नाहीत ना ते पाहा. आणि स्विच मल्टिकास्ट गिळतोय असा संशय आला तर सरळ यूडीपीयूवर, म्हणजे प्रत्येक नोडला वेगळा संदेश पाठवण्यावर, जा. शिवाय सीएफजीटूल "-एस" फक्त त्या नोडला काय दिसतं तेवढंच सांगतो. एका नोडवर "नो फॉल्ट्स" आणि दुसऱ्यावर फॉल्टी, असं खुशाल असू शकतं. दोन्हीकडे चालवा, मगच निष्कर्ष काढा.

बाँडिंग

कुपवाडला हेच होतं, त्यामुळे माझा थोडा रागही यात मिसळलेला आहे, हे आधीच सांगतो.

दोन नेटवर्क कार्डं बांधून एक बाँड० केलं की कोरोसिंकला एकच लिंक दिसते, आतली भानगड त्याला कळत नाही. दोन वेगळे, साधे स्विच असतील तर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे मोड १ (एक कार्ड चालू, दुसरं राखीव), हाच शहाणा पर्याय. एलएसीपीला (दोन्ही कार्डं एकदम वापरण्याची पद्धत) दोन स्विच एकमेकांशी स्टॅक झालेले लागतात; आपल्याकडच्या बजेटमध्ये ते क्वचितच बसतं, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

बाँडिंगचा वेग मात्र मानला पाहिजे. एमआयआयमॉन, म्हणजे लिंक तपासण्याचं अंतर, १०० ठेवलं तर दर १०० मिलिसेकंदांना तपासणी होते आणि केबल निघाल्यावर बाँड जवळपास लगेच उडी मारतो. कोरोसिंकच्या टोकनला, म्हणजे दुसरा नोड गेला असं मानण्याआधीच्या मुदतीला, खबरही लागत नाही. शिवाय फायदा सगळ्यांना होतो: क्लस्टरची हार्टबीट, डेटाबेसचे ग्राहक, डीआरबीडीची (दोन सर्व्हरच्या डिस्क सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) कॉपी, बॅकअप, जे जे त्या बाँडवरून जातं ते सगळं वाचतं. बाकीच्या दोन पद्धती फक्त कोरोसिंकचं बोलणं वाचवतात. हा फरक कोटेशन देताना फार कमी जण समजावतात. केनेटच्या दोन लिंक असल्या तरी तुमच्या बिलिंगच्या खिडकीवरचा पीसी ज्या एकुलत्या केबलवरून सर्व्हरला गाठतो, ती तुटली की तुटलीच.

आता परतीची गोष्ट. एमआयआय फक्त कॅरियर बघतो: समोरच्या पोर्टात जीव आहे की नाही, एवढंच. त्या पोर्टातून पॅकेट पुढे जातंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री (स्विचांच्या जाळ्यात पॅकेटांना गोल फिरू न देणारी सोय) चालू असेल, तर नव्याने जागा झालेला पोर्ट जुन्या पद्धतीत १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मगच पॅकेट सोडतो. दिवा हिरवा, रस्ता बंद. कुपवाडला बाँडमध्ये प्रायमरी, म्हणजे पहिल्या पसंतीचं कार्ड, ठरवलेलं होतं. स्विच उठल्याबरोबर दोन्ही सर्व्हरचे बाँड आज्ञाधारकपणे प्रायमरीवर परतले, म्हणजे चालू रस्ता सोडून त्या ३० सेकंदांच्या भिंतीवर जाऊन आदळले. टोकन होतं १ सेकंदाचं. दोघांनाही दुसरा मेलेला वाटला, आणि ज्याने आधी गोळी झाडली तो जिंकला.

उपाय तीन आहेत, आणि मी तिन्ही करतो. सर्व्हरच्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे एज पोर्ट (तो ते ३० सेकंद थांबत नाही), चालू करायचा. अपडिले ४०,००० मिलिसेकंद ठेवायचा, म्हणजे लिंक आली तरी बाँड ४० सेकंद थांबून मगच तिला जवळ करेल. दुसरी एकही लिंक जिवंत नसेल तर तो हा थांबा पाळत नाही आणि आलेली लिंक लगेच घेतो, ते बरोबरच आहे. आणि प्रायमरी-रीसिलेक्ट "फेल्युअर"वर, म्हणजे चालू लिंक बिघडल्याशिवाय परत उडीच नको. मोठा स्विच बूट व्हायलाच मिनिटं घेत असेल तर अपडिले त्या हिशोबाने वाढवा.

एवढं केलं तरी एक भोक राहतं. दोन स्विचना जोडणारी केबल. एका सर्व्हरचा बाँड पहिल्या स्विचवर आणि दुसऱ्याचा दुसऱ्यावर असेल, तर त्यांची गाठ त्या मधल्या केबलवरच पडते. ती तुटली तर दोन्ही बाँड म्हणतात सगळं आलबेल, आणि क्लस्टर दुभंगतो. एमआयआयऐवजी एआरपी तपासणी लावली तर पॅकेट खरंच जाऊन येतंय का ते कळतं, पण तिचं टार्गेट कोणतं ठेवायचं यावर नीट डोकं लावावं लागतं. राउटर हेच एकमेव टार्गेट ठेवलं तर राउटर रिबूट झाला की दोन्ही लिंक मेल्या असं बाँडला वाटणार.

केनेट

कोरोसिंक ३ डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि त्याने जुन्या रिंगा काढूनच टाकल्या. आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) ८ मध्ये आणि प्रॉक्समॉक्स ६ पासून हाच आहे. ८ पर्यंत लिंक देता येतात. दोन सर्व्हरना दोन पुरतात, तीन म्हणजे चैन.

केनेट प्रत्येक लिंकवर स्वतः पिंग पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. गेलेल्या लिंकवरून ठरलेली उत्तरं, मुळात २, आल्याशिवाय तो तिला "अप" म्हणत नाही. म्हणजे स्पॅनिंग ट्रीच्या त्या ३० सेकंदांत दिवा कितीही हिरवा असो, पिंगचं उत्तर येत नाही, आणि केनेट जागचा हलत नाही. कुपवाडला हा असता तर मी त्या रात्री झोपलो असतो. दोन स्विच जोडणारी केबलही लागत नाही, कारण दोन लिंक दोन स्वतंत्र नेटवर्कवर असतात. आयपी गेला-आला तरी तो १२७.०.०.१ चा तमाशा होत नाही. लिंक डाउन, लिंक अप, एवढंच लॉगमध्ये.

वेग बाँडिंगइतका नाही. ३.१ पासून टोकन मुळात ३ सेकंदांचं झालं. त्या हिशोबाने पिंग दर ७५० मिलिसेकंदांनी जातो आणि दीड सेकंद उत्तर नाही आलं की लिंक डाउन. टोकन संपायच्या आत निर्णय होतो, म्हणजे पुरे. काही जण "फेलओव्हर झटपट हवा" म्हणून टोकन कमी करत बसतात. मग लिंक बदलायलाही सवड उरत नाही आणि फेन्सिंगला निमित्त मिळतं. मूळ आकड्यांना हात लावू नका.

पॅसिव्ह मोडमध्ये (एका वेळी एकच लिंक) ज्या लिंकचा प्रायॉरिटी आकडा मोठा, ती वापरली जाते. आकडे सारखे असतील तर लहान नंबरची. म्हणजे हाही मूळ लिंकवर परततो, फक्त खात्री करून. कनेक्टर ढिला असला, किंवा उंदराने केबल अर्धवट कुरतडली असली (गुळाच्या गोदामाशेजारी सर्व्हर ठेवणाऱ्यांनी हसू नये), तर लिंक दर काही मिनिटांनी जाते-येते आणि केनेट तिच्यामागे फेऱ्या मारतो. क्लस्टर पडत नाही, पण लॉग भरतो. अशा वेळी ती लिंक काढून केबल बदला. सेटिंग घासत बसू नका.

मग घ्यायचं काय

नव्या कामाला मी आता दोन्ही लावतो. बाहेरच्या नेटवर्कला अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बाँड, वर सांगितलेल्या तीन काळज्यांसकट, आणि त्यावर केनेटची लिंक ०. दोन सर्व्हरमध्ये थेट एक वेगळी केबल, तिच्यावर डीआरबीडी आणि केनेटची लिंक १. थेट केबलला स्विच नाही, म्हणजे स्पॅनिंग ट्री नाही आणि साध्या प्लगची भीतीही नाही. प्रत्येक सर्व्हरला नेटवर्क पोर्ट तीन लागतात, सर्व्हर घेतानाच बघा. दोनच पोर्ट असतील आणि कार्ड बसवायला जागा नसेल, तर मी बाँड सोडून केनेटच्या दोन लिंक निवडेन. ग्राहकांची केबल तुटली तर काम थांबेल, पण दोन सर्व्हर एकमेकांवर गोळ्या तरी झाडणार नाहीत. उलट, सर्व्हर एकाच खोलीत आहेत आणि कर्मचाऱ्यांच्या पीसीचं कनेक्शन जाणं हेच मोठं दुखणं असेल, तर बाँड आधी.

जुना दोन रिंगचा क्लस्टर चालू असेल तर आज इग्नोर-कॅरियर लावा आणि कोरोसिंक ३ वर जायची तारीख ठरवा. पुरानंतर घाईत पहिल्या मजल्यावर हलवलेल्या रॅक मी पाहिल्यात: दोन्ही लिंक एकाच पाइपातून, एकाच स्विचमध्ये. तिथे तिन्ही पद्धती सारख्याच निरुपयोगी. फेन्सिंगची आयपीएमआय केबल (जिच्यावरून सर्व्हरची पॉवर दुरून तोडता येते) कुठल्या स्विचमध्ये आहे तेही त्याच फेरीत बघा. तो स्विच गेला तर फेन्सिंगही गेलं, आणि क्लस्टर नुसता ताटकळत बसतो.

टेस्ट घेताना केबल काढून "चाललं" म्हणून चहाला जाऊ नका. एका स्विचची पॉवर काढा, पाच मिनिटं थांबा, पॉवर द्या, आणि त्यानंतरची पाच मिनिटं दोन्ही सर्व्हरच्या लॉगसमोर बसून राहा. मग दुसऱ्या स्विचला तेच. कुपवाडला आता ही टेस्ट दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी होते, आणि तो साधा प्लग सुपरवायझरने स्वतः लाल टेप मारून बंद केलाय.